मुका गलका

२०२५ च्या पितृपक्षातली गोष्ट. रात्री साडेदहाच्या सुमारास ठाण्याहून वहिनींचा फोन आला. वहिनी एवढ्या उशिरा कधी फोन करीत नाहीत. दादाचे काही बरेवाईट तर नाही ना, या धास्तीनेच मी फोन घेतला.

‘‘भाऊजी, तुम्ही एकदा येऊन जाल का? हा दिवसभर खोलीचं दार लावून बसतो. सव्वानऊला बंद झालेलं दार साडेतीनला उघडतं. ह्यांनी त्याला आठ लाख दिलेत, रिटायरमेंटच्या पैशांतले. काही विचारलं तर म्हणतो, आई, तुला नाही कळणार. मला नाही कळणार हे खरंच. पण तुम्ही त्याच बाजारात होतात ना?’’

मी त्या बाजारात होतो खरा. १९८६ ते १९९५ अशी नऊ वर्षे मुंबई शेअर बाजाराच्या रिंगमध्ये एका दलालाचा कारकून म्हणून मी उभा होतो. उभा होतो हे शब्दशः. बसायला तिथे जागाच नव्हती. आज दलाल स्ट्रीटवरून जाणाऱ्याला जिजीभॉय टॉवर तेवढा दिसतो. पण त्या काळी दुपारी त्या इमारतीच्या पोटात जो गलका चाले, तो ज्याने ऐकला तो विसरणार नाही. शेकडो माणसे एकाच वेळी ओरडत. नवख्याला तो नुसता गोंगाट वाटे. पाच-सहा महिन्यांनी त्यातले शब्द कळू लागत आणि दोन-तीन वर्षांनी शब्दांपेक्षा सूर कळू लागे.

हा सूर ओळखण्यात तरबेज असत ते तारवणीवाले. तारवणीवाला म्हणजे स्वतःच्या खात्यावर खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन्ही भाव सांगून मध्ये उभा राहणारा माणूस. शंभरला घेतो, सव्वाशंभरला देतो. मधला पावला त्याचा. आमच्या कोपऱ्यात एक वयस्क गुजराती काका तारवणी करीत. एकदा मी एका शेअरसाठी चाललेली आरडाओरड बघत होतो, तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितले, ‘‘ओरडणाऱ्याकडे काय बघतोस? त्याला गुपचूप माल कोण देतोय ते बघ.’’ बाजाराविषयी मला मिळालेले सर्वात मोठे शिक्षण एवढेच.

मार्च १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारात संगणकावर सौदे सुरू झाले आणि बघता बघता रिंग ओस पडली. राष्ट्रीय शेअर बाजार तर १९९४ मध्ये पडद्यावरच जन्माला आला होता. गलका मुका झाला, असे आम्ही तेव्हा म्हणत होतो. तो मुका झाला, पण मेला नाही, हे मला ठाण्याच्या त्या बंद दाराआड कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच मी पुतण्याच्या खोलीत जाऊन बसलो. तो इंजिनीअर आहे, वय एकोणतीस. जानेवारीत त्याने नोकरी सोडली. टेबलावर दोन पडदे, एक वही, पाण्याची बाटली. मी उपदेश करायला आलो आहे असे समजून तो आधी जरा घुश्श्यातच होता. ‘‘मला शिकव,’’ मी म्हटले, ‘‘मी फक्त बघणार.’’ मग तो खुलला.

तो निफ्टीच्या वायद्यात रोजच्या रोज सौदे करतो. वायदा म्हणजे पुढच्या तारखेच्या व्यवहाराचा भाव आज ठरवणे. आपल्या मुंबईला हे नवे नाही; कापसाचे वायदे इथे एकोणिसाव्या शतकापासून होत आले आहेत. शेअर निर्देशांकाचे वायदे मात्र भारतात जून २००० मध्ये आले. २०२५ मध्ये निफ्टीचा एक लॉट ७५ चा होता. निर्देशांक २५,००० धरला, तर एका लॉटचा सौदा पावणेएकोणीस लाखांचा झाला. त्यासाठी खात्यात साधारण आठवा हिस्सा ठेवावा लागे. निर्देशांक एक अंश हलला की ७५ रुपयांचा फरक. चाळीस अंश उलटे गेले की तीन हजार गेले. आणि चाळीस अंश जायला कधी कधी चहाचा कप संपण्याइतकाही वेळ लागत नाही.

पुतण्या सकाळी घेतलेले दुपारपर्यंत देऊन टाकतो; रात्री काही शिल्लक ठेवत नाही. कंपन्यांचे ताळेबंद, नफा, बातम्या यांच्याकडे तो बघतही नाही. तो बघतो ती उलाढाल. आणि नुसती उलाढाल नव्हे, तर ती कोणाच्या घाईने झाली हे. याला त्याच्या भाषेत ‘ऑर्डर फ्लो’ म्हणतात.

भाजी बाजारातले उदाहरण घ्या. मेथीच्या जुड्या पुढ्यात मांडून बाई बसली आहे. तिचा भाव वीस रुपये. गिऱ्हाईक पंधराला मागते आहे. दोघेही थांबायला तयार असतील तर सौदा होत नाही. सौदा होतो तो एकाचा धीर सुटल्यावर. गिऱ्हाईकाला घरी जायची घाई असेल तर ते वीस देते. पावसाची चिन्हे दिसली तर बाई पंधराला देऊन मोकळी होते. दोन्ही वेळा विकली गेली ती एकच जुडी. एक घेणारा आणि एक देणारा. म्हणूनच ‘आज बाजारात घेणारे जास्त आणि विकणारे कमी होते’ हे वाक्य तसे पाहता अर्थहीन आहे. प्रत्येक सौद्यात दोघे असतातच. प्रश्न एवढाच, की घाई कोणाला होती?

पडद्यावर हेच दिसते. एका बाजूला थांबायला तयार असलेल्यांच्या ऑर्डर्स रांगेने उभ्या असतात. अमुक भावाला घेईन, तमुक भावाला देईन. दुसरीकडून ‘मिळेल त्या भावात’ म्हणणारे येतात आणि ही रांग खात जातात. ‘फूटप्रिंट’ नावाच्या तक्त्यात प्रत्येक भावापुढे दोन आकडे असतात: घाईने विकलेले किती आणि घाईने घेतलेले किती. घेतलेल्यातून विकलेले वजा केले की येतो तो ‘डेल्टा’. तो उणे आला, तर घाई विकणाऱ्यांना होती असे समजायचे.

त्या सकाळी साडेदहाच्या सुमारास भाव घसरत २५,०१० वर आला. त्या भावापुढे डावीकडे ९,००० आणि उजवीकडे ३,००० असे आकडे चढले. डेल्टा उणे ६,०००. म्हणजे विकणाऱ्यांनी धडका मारल्या होत्या. पण भाव खाली जाईना. पुन्हा धडका, पुन्हा भाव तिथेच. पुतण्या हळू आवाजात म्हणाला, ‘‘काका, कोणीतरी खाली उभं राहून सगळं घेतंय.’’ त्याने एक लॉट घेतला. चार मिनिटांत भाव तीस अंश वर गेला. बावीस अंशांवर तो बाहेर पडला.

खोटे कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला. ओरडणाऱ्याकडे बघू नकोस, त्याला गुपचूप कोण तोंड देतोय ते बघ. तीस वर्षांपूर्वीचा तो हात पुन्हा खांद्यावर पडल्यासारखे वाटले. हा पोरगा कधी रिंगमध्ये गेला नव्हता. पण तारवणीवाल्या काकांचेच काम करीत होता.

ही विद्या तशी जुनी आहे. अमेरिकेत १८६७ मध्ये टिकर यंत्र आले आणि कागदाच्या फितीवर भाव व नग उमटू लागले. ती फीत वाचून बाजाराचा कल ओळखणारे लोक तयार झाले. रिचर्ड वायकॉफ यांनी १९१० मध्ये टोपणनावाने या फीतवाचनावर पुस्तकच लिहिले. पुढे १९८० च्या दशकात शिकागोच्या वायदे बाजारात पीटर स्टाइडलमेयर यांनी कोणत्या भावाला बाजाराने किती वेळ काढला, याचे तक्ते मांडण्याची पद्धत रुळवली. शिकागोतले दलालही आमच्यासारखेच ओरडत आणि हातवारे करीत. तळहात स्वतःकडे म्हणजे खरेदी, बाहेर म्हणजे विक्री. तिथले बहुतेक वायद्यांचे आखाडे जुलै २०१५ मध्ये बंद झाले. माणसे गेली, फीत राहिली.

असे असेल तर वहिनींना सांगून टाकावे, की काळजी करू नका, मुलगा हुशार आहे. पण मी आठवडाभर रोज जाऊन बसलो आणि हळूहळू मला काही गोष्टी खटकू लागल्या.

पहिली गोष्ट म्हणजे पडद्यावरचा आकडा कितपत खरा? मी विचारले, ‘‘हा सौदा विकणाऱ्याच्या घाईने झाला, हे तुझ्या यंत्राला कोण सांगतं?’’ तो जरा थांबला. शिकागोचा बाजार ही माहिती सौद्याबरोबरच देतो. आपल्याकडे घरबसल्या सौदे करणाऱ्याला प्रत्येक सौदा सुटा दिसतच नाही. सेकंदात एक-दोनदा काढलेली छायाचित्रे मिळावीत तसा बाजार दिसतो. दोन छायाचित्रांच्या मधली घाई कोणाची होती, याचा अंदाज यंत्र भावावरून बांधते. सौद्यागणिक माहिती ज्यांना मिळते, त्यांचे संगणक बाजाराच्या संगणकाशेजारीच भाड्याच्या जागेत बसलेले असतात. म्हणजे काही जण सामना मैदानात बसून पाहतात आणि आपण धावते समालोचन ऐकतो. समालोचन खोटे नसते, पण चेंडू तोवर सीमापार झालेला असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे रांगेत उभ्या असलेल्या ऑर्डर्स. त्या खऱ्याच असतील असे नाही. लंडनजवळच्या हौन्सलो भागात, आईवडिलांच्या घरात बसून नविंदर सराओ नावाचा माणूस शिकागोच्या बाजारात वायद्यांचे सौदे करी. तो विक्रीच्या प्रचंड ऑर्डर्स भावापासून थोड्या दूर मांडी आणि भाव जवळ येऊ लागला की त्या हलवी किंवा रद्द करी. त्याला विकायचे नसेच. बघणाऱ्यांनी ‘केवढा माल विक्रीला आलाय’ म्हणून घाबरावे, एवढाच हेतू. २०१५ मध्ये त्याला अटक झाली आणि २०१६ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. आता विचार करा: त्या काळात जे जे लोक इमानदारीने रांग ‘वाचत’ होते, ते खरे म्हणजे काय वाचत होते? रिंगमध्येही लबाडी होती, नव्हती असे कोण म्हणेल? पण तिथे लबाडाला चेहरा होता. दोनदा फसल्यावर तिसऱ्यांदा आम्ही त्याच्या आवाजाकडे पाठ फिरवीत असू. पडद्यावरच्या आकड्याला चेहरा नसतो.

तिसरी गोष्ट सर्वात अजब, कारण तिच्यात खुद्द उलाढालच फसवी ठरली. ६ मे २०१० रोजी अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक काही मिनिटांत जवळजवळ हजार अंशांनी कोसळला आणि तितक्याच झटपट बराचसा सावरला. तिथल्या सरकारी नियामकांनी केलेल्या चौकशीत असे निघाले, की एका मोठ्या गुंतवणूकदार संस्थेने ७५,००० वायदे विकायला काढले होते. किंमत सुमारे ४१० कोटी डॉलर. काम संगणकाकडे सोपवले होते आणि त्याला सांगितले होते एवढेच, की गेल्या मिनिटातल्या उलाढालीच्या ९ टक्के विकत राहा. भाव काय, वेळ किती, काही बघू नकोस. बाजारात उलाढाल भरपूर असेल तर माल सहज पचेल, असा त्यामागचा साधा हिशेब. पण झाले असे, की इतर वेगवान संगणक तेच वायदे गरम बटाट्यासारखे एकमेकांच्या हातात टाकू लागले. एका क्षणी १४ सेकंदांत २७,००० हून अधिक वायद्यांची देवघेव या संगणकांकडून झाली. आणि प्रत्यक्षात त्यांच्याकडे राहिले किती, तर सुमारे २००. उलाढाल फुगली, म्हणून विकणारा संगणक अधिक जोराने विकू लागला. त्याने विकले, म्हणून उलाढाल आणखी फुगली. गर्दी प्रचंड होती, घेणारे मात्र नव्हते.

हे मी पुतण्याला सांगितले. त्याला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. ‘‘काका, म्हणूनच मी एकाच खुणेवर जात नाही. तीन खुणा जुळल्या तरच घेतो.’’ त्याचे म्हणणे चूक नव्हते. आणि तो खरोखर चांगले वाचत होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहत होतो.

तेव्हा मी त्याला, घरात कधी न बोललेली एक गोष्ट सांगितली. १९९२ च्या मार्चमध्ये मलाही वाटले होते, की मला गलका वाचता येतो. सहा वर्षे उभा होतो; का वाटू नये? एका शेअरमध्ये घेणाऱ्यांचा असा जोर मी कधी ऐकला नव्हता. डोंबिवलीच्या जागेसाठी साठवलेले सगळे पैसे मी बदल्याच्या सौद्यात घातले. जोर खराच होता. माझ्या कानांनी मला फसवले नाही. पण तो जोर कोणाच्या पैशांचा होता, हे कानांना ऐकू येत नव्हते. एप्रिलच्या अखेरीस ते साऱ्या देशाला कळले. आम्ही आणखी सहा वर्षे चाळीत काढली. माझ्या बायकोने त्याबद्दल आजवर एक शब्द काढलेला नाही, आणि तेच मला जास्त लागते.

तो काही बोलला नाही. मग मी म्हणालो, ‘‘तुझे सगळे कॉन्ट्रॅक्ट नोट काढ. आपण हिशेब मांडू.’’

दसऱ्याला बाजार बंद होता. शस्त्रांची पूजा झाल्यावर आम्ही दोघे जमिनीवर बसलो. मी कारकून माणूस. आडव्या रेघांच्या वहीत तीन रकाने आखले. फेब्रुवारी ते सप्टेंबर, आठ महिने, एकूण १,१०४ फेऱ्या. एक फेरी म्हणजे एकदा घेणे आणि एकदा देणे. पहिल्या रकान्यात फक्त भावातला फरक लिहिला. दलाली नाही, कर नाही. बेरीज आली एक लाख सत्तर हजार रुपये नफा.

पुतण्याचा चेहरा उजळला. मग दुसरा रकाना. ऑक्टोबर २०२४ पासून वायद्याच्या विक्रीवरचा व्यवहार कर ०.०२ टक्के झाला होता. ऐकायला किती क्षुल्लक! पण तो भरलेल्या पैशांवर नसतो, पूर्ण सौद्यावर असतो. पावणेएकोणीस लाखांवर ३७५ रुपये. शिवाय दोन्ही बाजूंची दलाली, बाजाराचे शुल्क, मुद्रांक, जीएसटी. एका फेरीला सरासरी सव्वापाचशे रुपये पडले होते. अकराशे चार फेऱ्यांचे पाच लाख ऐंशी हजार. तिसऱ्या रकान्यात वजाबाकी: चार लाख दहा हजार तोटा.

आम्ही दोघे बराच वेळ त्या वहीकडे बघत राहिलो. तो दर फेरीला सरासरी दोन अंश कमवत होता आणि सात अंश देत होता. तोट्याचे दिवस त्याला आठवत होते. नफ्याच्या दिवशीही आपण देणे लागतो, हे त्याला कधी जाणवले नव्हते. तारवणीवाले काका आणि तो यांच्यातला फरक आता मला नेमका सापडला. काका मध्ये उभे राहून प्रत्येक सौद्यामागे पावला घेत. त्यांचा अंदाज निम्म्या वेळा चुकला तरी पावल्यांवर घर चाले. पुतण्याला प्रत्येक सौद्यामागे पावला द्यावा लागत होता. वाचन दोघांचे सारखेच. पण एक गल्ल्यावर बसला होता आणि दुसरा रांगेत.

हे आमच्या एका घरापुरते नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये वायदे आणि ऑप्शन्सच्या सौद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे सौदे करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होत्या. सरासरी तोटा खर्चासह सुमारे दोन लाख आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींहून अधिक. खर्च जाऊन लाखाच्या वर नफा झालेले अवघे एक टक्का. २०२३-२४ मध्ये या सौदेकऱ्यांपैकी ४३ टक्के तिशीच्या आतले होते. आणि नफा कोणाला? मोठ्या दलाली पेढ्या आणि परदेशी संस्था यांना. त्यांच्या नफ्यातला ९५ टक्क्यांहून जास्त भाग संगणकांनी आपोआप केलेल्या सौद्यांतून आलेला. पुढच्या वर्षीच्या अभ्यासातही तोट्यात गेलेल्यांचे प्रमाण ९१ टक्के निघाले. मला सर्वात टोचला तो आणखी एक आकडा: लागोपाठ दोन वर्षे तोटा होऊनही चारांतल्या तिघांनी सौदे चालूच ठेवले होते. त्यांना हिशेब येत नसेल असे मला वाटत नाही. त्यातल्या पुष्कळांना आपले वाचन बरोबर येते आहे असे दिसत असणार, आणि तेच त्यांना सोडवत नसणार.

संध्याकाळी सोने द्यायला वहिनी बाहेर आल्या, तेव्हा वही अजून उघडीच होती. पुतण्याने स्वतःच ती आईसमोर धरली. मनात म्हटले, हे काम मला जमले नसते.

वहिनींनी तिन्ही रकाने नीट वाचले. मग विचारले, ‘‘म्हणजे हा चुकत नव्हता?’’

‘‘नाही वहिनी. पुष्कळदा बरोबर होता.’’

‘‘मग पैसे गेले कुठे?’’

‘‘गाडीभाड्यात,’’ मी म्हणालो. ‘‘माल चांगला होता, रोज विकलाही जात होता. पण दर खेपेला भाडं नफ्यापेक्षा जास्त होतं.’’

त्या काही बोलल्या नाहीत. आपट्याचे पान मुलाच्या हातावर ठेवून आत गेल्या.

उरलेले तीन लाख नव्वद हजार पुतण्याने दादाच्या खात्यात परत भरले. दिवाळीनंतर त्याला नोकरी लागली. आधीपेक्षा पगार थोडा कमी. पडदे अजून आहेत. रविवारी तो मागच्या आठवड्याचे तक्ते काढून बसतो, आकड्यांवर बोट ठेवून मला दाखवतो, ‘‘काका, इथे बघा, इथे कोणीतरी घेत होतं.’’ मी चश्मा लावून बघतो. बहुतेक वेळा त्याचे बरोबर असते. सौदा मात्र कोणीच करीत नाही, आणि खोलीचे दार उघडे असते.